दिवाळी जमते भाऊ, प्रश्न तान्ह्या पोळ्याचा आहे

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जर्मनीतल्या स्टुटगार्टची नोकरी हातात आहे, पगार, घरभाडं, विमा सगळ्याची आकडेमोड झाली आहे आणि आता घरात गाडं एकाच गोष्टीपाशी अडलं आहे. बायको विचारते, पोरगी चार वर्षांची, तिला तिकडे सणवार काय कळणार? आई म्हणते, दिवाळीला येत जा म्हणजे झालं. आणि तुम्ही विचारता, हे खरंच एवढं मनाला लागतं का, की सुरुवातीला जड जातं आणि मग सवय होते? शिवाय कंपनीनं १ सप्टेंबरला रुजू व्हा म्हटलं आहे आणि तारीख पुढे न्यायची असेल तर आत्ताच कळवायचं आहे.

मी नागपूरच्या महाल भागातली. लग्न होऊन स्टुटगार्टला आले त्याला बरीच वर्षं झाली, मुलगा इथेच जन्मला. घर कुठे घ्यावं, कोणता विमा बरा, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी फक्त सणांचं लिहिते, कारण निघताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायला हवं होतं.

दिवाळीची काळजी करू नका. दिवाळी जमते. भारतीय दुकानांत पोहे, भाजणी, खोबरं, उटणं, पणत्या सगळं मिळतं. महाराष्ट्र मंडळ जवळचा शनिवार बघून सभागृह घेतं, फराळ होतो, मुलांचे नाच होतात. फुलांचंही अडत नाही. स्टुटगार्टच्या प्रांतात, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, १ नोव्हेंबरला सुट्टी असते. त्या दिवशी इथले लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि दिवे ठेवतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी फुलांच्या दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या नुसत्या ओसंडत असतात. घ्या हव्या तेवढ्या. तिथेच लाल आवरणातले, रात्रभर जळणारे दिवे दिसतील, ते मात्र घेऊ नका. ते कबरीवरचे आहेत आणि शेजाऱ्यांना तुमच्या दारात ते पाहून कसंसंच होईल. २०२४ मध्ये आपलं लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं. त्या वर्षी आम्हाला न मागता सुट्टी मिळाली आणि संध्याकाळी दिवे लावताना मनात येत होतं, की आज या गावातही घराघरांतून कोणीतरी आपल्या गेलेल्या माणसासाठी दिवा घेऊन निघालं असेल. मला ते फार बरं वाटलं.

फटाक्यांचं सांगून ठेवते. सामान्य माणसाला इथे ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात, दिवाळीला नाही. घरात धूर ओळखणारं यंत्र असतंच. तळण आणि धूप करताना खिडक्या उघड्या ठेवा. रांगोळी दाराबाहेर काढली तर चालते, पण जिना झाडायची पाळी प्रत्येक घराला ठरवून दिलेली असते. आपल्या पाळीच्या आठवड्यात काढली तर दुसऱ्याला त्रास नाही. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी आता ऑक्टोबर लागला की विचारतात, यंदा ते रंगीत कधी?

घड्याळाचं एक ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात नागपूर इथल्यापुढे साडेतीन तास असतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की साडेचार तास. दिवाळी त्या रविवारच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळं अवलंबून. पलीकडे असेल तर घरी संध्याकाळी सहाला लक्ष्मीपूजन सुरू होतं तेव्हा तुम्ही दुपारी दीड वाजता कार्यालयात डबा उघडत असता. घरी पहाटे पाचला अभ्यंगस्नानाची गडबड, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. मी कितीतरी नरकचतुर्दशींना जागत बसले आहे. आई फोनवर म्हणायची, "काहून बसून राहिली अशी? झोप ना, सकाळी ऑफिस आहे तुले." आणि तिच्यामागे न्हाणीघरातून तांब्या-बादलीचा आवाज येत असायचा. तो ऐकायलाच मी जागी असायचे.

तर दिवाळी अशी पार पडते. आता जे पार पडत नाही, त्याचं सांगते.

आमच्याकडे महालक्ष्म्या असत. इथल्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी त्यांना गौरी म्हणतात. आपल्याकडचा थाट तुम्हाला सांगायला नको. कोठ्या मांडून मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, पुढे बाळं बसवायची, सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, वडे, वरती फुलोरा टांगायचा आणि मग दुपारपासून रात्रीपर्यंत पंगती. आमच्या घरी त्या तीन दिवसांची कामं वर्षानुवर्षं ठरलेली होती. साड्या नेसवायच्या मोठ्या काकूंनी, कारण निरी त्यांच्यासारखी कोणाची पडत नसे. मखर बांधायचं काकांनी, आणि बांधताना कोणी मधे बोलायचं नाही. भाज्या आणायच्या वडलांनी. सोळातली एखादी नाही मिळाली तर ते महालातून थेट गोकुळपेठच्या बाजारापर्यंत जायचे, पण पंधरा भाज्या घेऊन घरी येत नसत. आवाहनाच्या संध्याकाळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढायची मुलींनी. फुलोऱ्यातली, म्हणजे तळून टांगायच्या पदार्थांतली, वेणी-फणी माझ्याकडे होती. आजीनं ती मला शिकवली, आणि कणीक किती घट्ट हवी हे तिनं कधी शब्दांत सांगितलं नाही. माझा हात धरून दाबून दाखवलं.

इथे आले त्या पहिल्या भाद्रपदात मी घरी फोन केला आणि विचारलं, वेणी-फणी कोणी केली? धाकट्या चुलतभावाच्या नव्या बायकोनं, आई म्हणाली, आणि सुरेख केली. मला तिचं खरंच कौतुक वाटलं. फोन ठेवला आणि रडले. घरात माझी जागा होती ती काही मोठी नव्हती. तळणाच्या परातीपाशी एका पाटावर बसण्याएवढी होती, आणि ती भरली गेली होती. भरायलाच हवी होती, महालक्ष्म्या काही माझ्यासाठी थांबणार नव्हत्या.

तुम्ही विचारता सवय होते का. दिवाळीत घरी नसण्याची होते. सणातलं आपलं काम दुसऱ्याच्या हातात गेलं याची मला अजून झालेली नाही. इथे मंडळाच्या कार्यक्रमाला आपण नटूनथटून जातो, वाढलेलं ताट हातात घेतो, फोटो काढतो, घरी येतो. कोणी आपल्याला हाक मारून म्हणत नाही, की अगं नारळ कोण फोडणार, तू कुठे आहेस? मग मी मंडळात स्वयंपाकाचं काम मागून घेतलं. तेव्हापासून तिथली दिवाळी मला माझी वाटते. तुम्हीही पहिल्याच वर्षी काहीतरी काम मागा. खुर्च्या लावायचं द्या म्हणा, भांडी घासायचं द्या म्हणा. नुसतं पाहुणं म्हणून जाऊ नका.

तरीही काही सण मंडळात होणारच नाहीत, आणि नागपूरकरांचे नेमके तेच.

तान्ह्या पोळ्याचं काय करणार? इथल्या कित्येक मराठी घरांना तो माहीतच नाही. पोळा म्हणजे शेतकऱ्यांचा बैलपोळा, एवढं ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून गल्लीत आणतात, तोरणाखाली उभी राहतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, हे सांगितलं की ऐकून घेतात, छान म्हणतात. चांगली माणसं आहेत, अडीअडचणीला रात्री धावून येणारी. पण ज्यानं कधी खिशातल्या बोजाऱ्याची नाणी वाजवत जिने चढले नाहीत, त्याला त्यातलं काय समजावणार? माझ्या मुलाला वडलांनी नागपूरहून लाकडी बैल आणून दिला होता, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. आम्ही तो सजवला, आरती केली, आणि मग तो बैलाची दोरी धरून दारात उभा राहिला. जायचं कुठे? मी ओळखीच्या घरांना आधी सांगून ठेवलं होतं, तिथे ट्रामनं गेलो. त्यांनी प्रेमानं चॉकलेटं दिली. पण ठरवून, वेळ घेऊन गेलेला तान्हा पोळा तो. आपल्याकडे कोणत्या घरी आधी जायचं, कोण जास्त देतं, कोणाचं कुत्रं अंगावर येतं, हे पोरांना पाठ असतं.

आणि त्याच सकाळी मारबत. एकोणिसाव्या शतकापासून, १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, आणि त्यांच्यामागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांना जे छळलं असेल त्याचा बडग्या. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन इतवारीत उभे राहायचे. गर्दी एवढी की त्यांचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळायचं नाही. "पाय, पाय, पिवळी येऊन राहिली," ते ओरडायचे आणि मी त्यांचे केस घट्ट धरायची. दोन्ही मारबती समोरासमोर आल्या की जो आवाज उठतो तो मी दुसरीकडे कुठेच ऐकला नाही. खोकला, ताप, रोगराई, सगळी ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत! त्या वयात मला अगदी खरं वाटायचं, की आता वर्षभर घरात कोणी आजारी पडणार नाही.

स्टुटगार्टमध्ये मारबत कशी निघणार? मिरवणुकीची परवानगी कदाचित मिळेलही. पण तिला इतवारीच्या गल्ल्या लागतात, गच्च्यांवरून वाकणाऱ्या बाया लागतात, आणि वर्षभर ज्यांनी एकच महागाई सोसली अशी माणसं लागतात. मी पुढे पुढे त्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे नागपूरच्या अकराला, वडलांना फोन लावायची. ते फोन उंच धरायचे. चित्र हलायचं, अडकायचं, आवाज फाटायचा. मी मुलाला उठवून मांडीवर बसवायची. तो अर्ध्या झोपेत विचारायचा, आजोबा कुठे दिसत नाहीत? आजोबा दिसत नसत, कारण फोन त्यांनीच धरलेला असायचा.

असे आणखी आहेत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आपल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातात, खिरापत ओळखायला लावतात. इथे नवरात्रात एका शनिवारी भोंडला होतो, गोड होतो, मी जाते. पण संध्याकाळी पाचला गल्लीतून आलेली हाक त्यात नाही. पितृपक्षात बसणारा आपला हडपक गणपती, भोसल्यांच्या काळापासूनचा, त्याचं नाव काढलं तर लोक चकित होतात, पितृपक्षात गणपती? संक्रांतीला गच्चीवर दिवसभर "ओ काट"! तेव्हा इथे बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी आणि साडेपाचच्या आत अंधार.

माझे एक स्नेही नागपुरातल्याच इंदोरा भागातले आहेत. त्यांच्यासाठी विजयादशमी म्हणजे दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या जागी लहानपणापासून दरवर्षी ते आईचं बोट धरून गेले. बाहेरगावाहून आलेल्या माणसांना पाणी देणं, जेवण वाढणं, हे त्यांच्या घराचं काम होतं. आणि निघताना पुस्तकं घ्यायची, दरवर्षी, पैसे असोत नसोत. इथे त्या दिवशी ते कार्यालयातून येऊन पांढरा सदरा घालतात, घरात वंदना घेतात. त्यांचा भाऊ अजून दरवर्षी तिथल्या दुकानांवरून त्यांच्या वाटची पुस्तकं घेऊन ठेवतो. कपाटात त्यांचा वेगळा खण आहे. घरी गेले की ती पुस्तकं आणतात. सणातली आपली जागा दुरून राखायची ही पद्धत मला सगळ्यांत चांगली वाटली, म्हणून सांगितली.

आता आईंच्या म्हणण्याकडे येते. दिवाळीला येत जा, हे सोपं वाटतं, पण हिशेब बघा. इथल्या कायद्यानं पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस रजा मिळते, पुष्कळ कंपन्या ३० च्या आसपास देतात. कधी घेणार हे बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्यावं लागतं. शाळा सुरू झाली की शाळेच्या सुट्टीबाहेर मुलाला नेता येत नाही, शाळेची सक्ती कडक आहे आणि सणासाठी मागितलेली परवानगी मिळेलच असं नाही. शरद ऋतूतली सुट्टी साधारण एक आठवडा, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. आपली दिवाळी तिच्यात बसली तर बसली. तिथी दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २०२६ ला ८ नोव्हेंबर, २०२७ ला २९ ऑक्टोबर. म्हणून पंचांग आणि शाळेच्या सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून दोन-तीन वर्षांचं एकदम बघायचं. मी तसंच करते.

हे सगळं जमवता जमवता शेवटी बहुतेक जण डिसेंबरात घरी जातात. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी, आणि आमच्या प्रांतात ६ जानेवारी, एवढ्या सुट्ट्या आयत्या मिळतात, शाळाही जवळपास दोन आठवडे बंद. तिकिटं महाग पडतात तो भाग वेगळा. आम्हीही कितीतरी वर्षं तसेच गेलो. डिसेंबरातलं नागपूर सुंदर असतं. सकाळी थंडी, तर्री-पोह्यांच्या गाडीवर गर्दी, काटोलच्या मामांकडून आलेली अंबिया बहाराची संत्री. सांबारवडीसाठी आई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत बसलेली. आणि माझ्यासाठी ती डिसेंबरात अनारसे करायची. तांदूळ भिजवण्यापासून सगळं, मी पोचायच्या आठवडाभर आधी. "देवाले काय समजते कॅलेंडर, तू आली म्हणजे दिवाळी," म्हणायची. संध्याकाळी दारात पणत्या लावायची. आमच्या अख्ख्या गल्लीत तेवढ्या एका दारात पणत्या असायच्या. येणारेजाणारे विचारायचे, काय आहे आज? आई अभिमानानं सांगायची, पोरगी आली जर्मनीहून. मला आनंदही व्हायचा आणि गलबलूनही यायचं, कारण शेजारच्या दारात अंधार होता. चुलतभाऊ कामावर गेलेले, भाच्यांच्या परीक्षा, काकू कोणाच्या लग्नाला. सगळ्यांची दिवाळी कधीच झाली होती. आई एकटीच माझ्यासाठी पुन्हा ती उभी करत होती, गुडघे दुखत असताना.

एवढंच सांगते, की आईला असं दोनदा सण करायला लावू नका. डिसेंबरात गेलात तर डिसेंबरासारखं राहा. संत्री खा, हुरडा खा, रात्री शेकोटीपाशी बसा.

इथल्या नाताळाबद्दलही बोलायला हवं, कारण पहिला डिसेंबर तुमचा इथेच जाईल. चार आठवडे आधीपासून शहर उजळलेलं असतं. स्टुटगार्टचा नाताळ बाजार फार जुना, १६९२ मध्ये त्याचा उल्लेख सापडतो. जा, मुलीला घेऊन जा, डोळे भरून बघा. पण २४ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात आणि २७ उजाडेपर्यंत उघडत नाहीत. २७ ला रविवार असला तर तोही दिवस गेला, आणि २०२६ ला तो रविवारच आहे. दूध, भाजी, औषध आधी भरून ठेवा. २४ च्या संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे आपापल्या आईवडलांकडे गेलेले असतात. दुसऱ्याच्या सणात आपल्या घरची आठवण जेवढी येते, तेवढी आपल्या सणातही येत नाही. त्या संध्याकाळी एकटे राहू नका. कोणातरी भारतीय कुटुंबाला जेवायला बोलवा, किंवा कोणी बोलावलं तर नक्की जा.

वडील गेले त्या वर्षीचं थोडं सांगते. ऐन पावसाळ्यात गेले. मी पोचले तोवर अस्थीही गोळा करून झाल्या होत्या. वर्षभर घरात सण नाही, कढई चढायची नाही, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक आपणहून फराळाचे डबे घेऊन येतात, घरात बसतात, तोंड गोड करायला लावतात. महालात आईकडे ते सगळं झालं. इथे आमच्या घरात कढई चढली नाही हे कोणाला दिसणार? मंडळाचे निरोप येत होते, मुलाच्या शाळेत मित्र दिवाळीचं विचारत होते. प्रत्येकाला सांगत बसायचं त्राण नव्हतं. ती दिवाळी आम्ही नुसता देवाजवळ दिवा लावून काढली. डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या त्या आजी एक पत्र्याचा डबा घेऊन वर आल्या, स्वतः भाजलेल्या बिस्किटांचा. दरवर्षीच देतात म्हणे इमारतीत सगळ्यांना. त्यांना माझ्या वडलांचं काहीच माहीत नव्हतं. मी तो डबा दारातच उघडला आणि एक बिस्किट तिथेच खाल्लं. परदेशात राहायचं ठरवता तेव्हा असं एखादं वर्ष येणार हे धरून चाला, आणि निदान एका घराशी इतकी ओळख ठेवा, की काही न सांगता ते डबा घेऊन येतील.

आता तुम्हाला उपयोगी पडेल असं.

फोन सणाच्या दिवशी ऐन पूजेच्या वेळी लावू नका. तेव्हा घरात सगळे कामात असतात, कोणीतरी फोन हातात घेऊन अडकून पडतं आणि तुम्हाला आरतीचा नुसता गोंगाट ऐकू येतो. आदल्या रात्री लावा. आईंना सांगा, फोन स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवा आणि तुमचं चालू द्या. त्या पुरण वाटतील, कोणाला तरी ओरडतील, तुम्ही इथे भाजी चिरा, मुलगी मधेच येऊन काहीतरी विचारेल. आम्ही असे कित्येक तास काढले आहेत. आईच्या चुलतसासूबाईंच्या गोष्टी मला अशाच रात्री कळल्या.

खाऊचं आणि पूजेच्या सामानाचं नीट लक्षात ठेवा. युरोपात बाहेरून दूध, तूप, खवा, मांस आणता येत नाही. ताजी फळं, भाज्या, पानं सरकारी तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे संत्री राहिली, विड्याची पानं राहिली, आणि दसऱ्याला वाटायचं आपट्याचं सोनंसुद्धा राहिलं. नारळ तेवढा येतो. डाळी, मसाले, सावजी मसाल्याच्या पुड्या, लाल तिखट बांधून आणा. घरून टपालानं भेट पाठवणार असतील तर ४५ युरोपर्यंतच्या वस्तूंवर जकात लागत नाही, फक्त आत काय आहे ते स्वच्छ लिहायला सांगा.

आईवडलांना बोलवायचं तर नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो. त्यांना श्रावणापासून दिवाळीपर्यंत बोलवू नका, आई येणार नाहीत. "घरच्या महालक्ष्म्या सोडून कशी येऊ?" हे माझ्या आईचं उत्तर कायम होतं आणि ते बरोबर होतं. एप्रिलच्या शेवटी बोलवा. नागपुरात पारा ४५ कडे निघालेला असतो आणि इथे झाडांना पालवी फुटलेली असते. मोठे सण नसलेले ते दिवस. आईनं माझ्या घरी सगळ्यांत जास्त हसत काढले ते तेच.

आणि रुजू व्हायची तारीख. १ सप्टेंबर घेऊ नका. पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, २०२६ ला सगळं त्यानंतर आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत मोठी रजा मिळणं अवघड असतं. कंपनीला लिहा, की भाऊबीज उरकून १६ नोव्हेंबरच्या सोमवारी येतो. घरातलं कारण सांगितलं तर इथले लोक ऐकतात, फक्त वेळेवर आणि स्पष्ट सांगावं लागतं. त्या अडीच महिन्यांत घरातल्या प्रत्येक सणात मुलीला एखादं काम द्या, नुसतं बघायला बसवू नका. चार वर्षांची पोर फुलं तोडू शकते, पावलांवर हळद-कुंकू टाकू शकते.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्या हातून गेली. तुमची मुलगी सहा वर्षांची होऊन शाळेत जाईपर्यंत तिच्यावर शाळेची सक्ती नाही, बालवाडीतून कधीही नेता येतं. म्हणजे पुढच्या वर्षीची मोठी रजा डिसेंबरात न घालता पोळ्याला घाला. २०२७ ला पोळा ऑगस्टच्या अखेरीस आहे. रजेचा अर्ज जानेवारीतच द्या, कारण ऑगस्टात शाळकरी मुलांच्या घरांना आधी रजा देतात. तिला इतवारीत मारबत दाखवा, संध्याकाळी बैल घेऊन गल्लीत सोडा. कुठे जायचं ते तिला शेजारची पोरं सांगतील. आणि तुमच्या घराचं जे एखादं काम तुम्ही लहानपणापासून करत आलात, ते निघण्याआधी कोणाला तरी स्वतः शिकवून जा. काय आहे ते काम, तेवढं मला कळवा, आणि काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा.